दुपारी मुके होणारे पेडल: जर्मेनियम फझच्या एका दुरुस्तीचे प्रकरण

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या आठवड्यात अमळनेरकडच्या एका लग्नाच्या बँडमधला गिटारवादक जळगावातल्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर एक गोल धातूची डबी ठेवून म्हणाला, “काका, हाई डबी दुपारले मरी जास, नि रातले परत बोलस.” ही डबी म्हणजे १९६० च्या दशकातील फझ फेस या पेडलच्या आराखड्यावर हाताने जोडलेले जर्मेनियम फझ पेडल होते, म्हणजे गिटारच्या स्वराची लाट वरखाली कापून तो जाड, फाटका करणारी, पायाने दाबायची डबी; तिच्यातले ट्रान्झिस्टर सिलिकॉनऐवजी जर्मेनियमचे होते. त्याने ते डिसेंबरात वापरलेले म्हणून विकत घेतले होते आणि जानेवारी संपेपर्यंत त्याची एकही तक्रार नव्हती. फेब्रुवारीच्या अखेरीस दुपारच्या सरावात स्वर तुटू लागला, मार्चमध्ये लांबवलेला स्वर विझताना फुरफुरू लागला, आणि एप्रिलमध्ये दुपारच्या वरातीत पेडल दाबल्याबरोबर गिटार जवळजवळ बंदच पडू लागली. रात्री घरी नेऊन लावले, की तेच पेडल पुन्हा चालू होई.

आमच्याकडे लग्नाच्या बँडच्या गाडीवर कीबोर्ड, बेंजो आणि ऑक्टोपॅड यांच्या शेजारी गिटार आता रुळली आहे. गिटारचा साधा स्वर छेडल्यावर लगेच विरतो, फझमधून गेलेला स्वर मात्र सनईच्या फुंकीसारखा लांबतो. अहिराणी गाण्यांतील सनईच्या जागा हा वादक याच पेडलवर घेत असल्यामुळे त्याच्यासाठी ही चूष नव्हती, पोटाचा प्रश्न होता. त्यातच पुढचे पंधरा दिवस लगनसराई ऐन भरात येणार होती.

माझ्याआधी दुसऱ्या एका दुरुस्ती करणाऱ्याने पेडलचे फूटस्विच आणि दोन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले होते. स्विच बदलल्यानंतर पेडल नीट वाजले खरे, पण ते संध्याकाळी सात वाजता तपासले गेले होते, आणि त्या वेळी ते तसेही वाजलेच असते. वादकाचा स्वतःचा संशय जनरेटरवर होता. मी पेडल नव्या ९ व्होल्टच्या बॅटरीवर लावून दुपारी दोन वाजता दुकानाच्या ओट्यावर वाजवून पाहिले, तेव्हा ते तितकेच मुके होते. म्हणजे जनरेटरचा यात दोष नव्हता. कुलरसमोर वीस मिनिटे ठेवल्यावर त्यातून घोगरा, तुटक का होईना, आवाज येऊ लागला. एवढ्यावरून रोगाचे नाव कळण्यासारखे होते, परंतु तो नेमका कोठे आहे हे मोजल्याशिवाय सांगणे शक्य नव्हते.

सर्किट आणि त्याचा जन्म

फझ फेस हे पेडल १९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने बाजारात आणले. त्याची गोल डबी मायक्रोफोनच्या स्टँडच्या तळावरून सुचलेली होती, आणि जिमी हेंड्रिक्सच्या पायाखाली दिसू लागल्यावर ते जगभर पोहोचले. त्यातील सर्किट इतके लहान आहे की ते पोस्टकार्डावर सहज काढता येते. त्यात दोन ट्रान्झिस्टर (बेसवरच्या छोट्या प्रवाहाने एमिटर आणि कलेक्टरमधला मोठा प्रवाह हलवणारे तीन पायांचे भाग), दोन पोटेन्शिओमीटर (फिरवायचे रेझिस्टर, म्हणजेच पॉट), चार रेझिस्टर आणि तीन कपॅसिटर असतात. सुरुवातीच्या पेडलांमध्ये एनकेटी२७५ किंवा एसी१२८ हे पीएनपी जातीचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर असत. पुढे कंपनीने सिलिकॉन ट्रान्झिस्टर वापरायला सुरुवात केली, पण मऊ, गोलसर फझ हवा असणारे वादक आजही जर्मेनियमचाच आग्रह धरतात.

माझ्यासमोरच्या पेडलची मांडणी नेहमीचीच होती. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला ३३ किलोओहम, दुसऱ्याच्या कलेक्टरला ४७० ओहम आणि ८.२ किलोओहम एकापुढे एक, दुसऱ्याच्या एमिटरला १ किलोओहमचा फझ पॉट, आणि त्या एमिटरपासून पहिल्याच्या बेसपर्यंत १०० किलोओहमचा परतीचा रस्ता. या परतीच्या रस्त्यामुळे दोन्ही ट्रान्झिस्टर एकमेकांना सावरून धरतात, आणि आपले सगळे प्रकरण याच सावरण्याभोवती फिरते. पीएनपी ट्रान्झिस्टरमुळे या सर्किटमध्ये धन टोक जमिनीला जोडलेले असते. त्यामुळे पुढे दिलेले सर्व व्होल्टेज प्रत्यक्षात ऋण आहेत. वाचताना अडखळू नये म्हणून मी ते चिन्ह गाळले आहे.

अशा पेडलचे आरोग्य पाहण्याचे सर्वांत सोपे ठिकाण म्हणजे दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर. ९ व्होल्टच्या पुरवठ्यावर तेथे साधारण ४.५ व्होल्ट, म्हणजे पुरवठ्याच्या निम्मे, असावेत असा संकेत आहे. तेवढे असले की लाटेला वर आणि खाली दोन्हीकडे जागा मिळते आणि ती दोन्हीकडून कापली जाते. तो आकडा ६ च्या आसपास गेला तरी पेडल चालते, किंबहुना काहींना ती किंचित एकांगी कापणी अधिक आवडते. मात्र तो ७ च्या वर चढू लागला की दुसरा ट्रान्झिस्टर मिटत चालला आहे असे समजावे. मग मोठा स्वर तेवढा त्याला ढकलून उघडतो, बारीक स्वर दाराशीच अडतो, आणि म्हणूनच लांबवलेला स्वर शेवटी फुरफुरत तुटतो.

मोजमाप

पेडलचे तापमान हवे तसे बदलता यावे म्हणून फळवाल्याकडून आणलेल्या थर्मोकोलच्या खोक्यात ४० वॅटचा बल्ब बसवला आणि मल्टीमीटरचा तापमान मोजणारा तारेचा टोक ट्रान्झिस्टरच्या टोपीला चिकटपट्टीने लावला. थंड बाजूसाठी पेडल प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रिजमध्ये ठेवले. पिशवीचे कारण असे, की तसे न केल्यास बाहेर काढताक्षणी पाणी सुटते आणि आपण ओलाव्याचे मोजमाप करत बसतो. मधल्या तापमानासाठी मात्र पहाटे साडेपाचला दुकान उघडावे लागले, कारण एप्रिलअखेरीस जळगावात २७ अंश दुसऱ्या कोणत्याही वेळी सापडत नाहीत.

१२ अंशांना कलेक्टरवर ५.९ व्होल्ट होते. २७ अंशांना ते ७.३ झाले, ३४ अंशांना ८.६, आणि चाळिशी ओलांडल्यावर ८.९ वर जाऊन स्थिरावले, म्हणजे दुसरा ट्रान्झिस्टर पूर्ण मिटला. डिसेंबरात पेडल घेताना वादकाला जे सुरेख वाजताना ऐकू आले, ते याच उताराचे वरचे टोक होते. पेडल कधीच बिघडले नव्हते. ते ज्या हवेत विकत घेतले गेले, ती हवा मात्र फेब्रुवारीनंतर राहिली नाही.

पुढची पायरी ट्रान्झिस्टर वेगळे काढून मोजण्याची. येथे मल्टीमीटरमधील गेन (ट्रान्झिस्टर प्रवाह किती पटींनी वाढवतो तो आकडा) मोजण्याच्या खाचेवर विसंबणे चुकीचे ठरते, कारण जर्मेनियम ट्रान्झिस्टरमधून बेस मोकळा असतानाही थोडा प्रवाह गळत असतो आणि मीटर ती गळती गेनमध्येच मिळवून दाखवतो. त्यासाठी जुनी आणि खात्रीची पद्धत अशी आहे. पीएनपी ट्रान्झिस्टरचा एमिटर ९ व्होल्टच्या धन टोकाला जोडावा आणि कलेक्टर सुमारे २.४७ किलोओहममधून ऋण टोकाला जोडावा (मी २.४ किलोओहम आणि ६८ ओहम एकापुढे एक जोडतो). बेस मोकळा ठेवून त्या रेझिस्टरवरील व्होल्टेज वाचले की गळती कळते. मग २.२ मेगाओहममधून बेस ऋण टोकाला जोडला की बेसला सुमारे ४ मायक्रोअँपिअर मिळतात आणि रेझिस्टरवरील वाढीव प्रत्येक व्होल्टमागे गेन १०० धरता येतो. ट्रान्झिस्टर बोटांनी धरून खोचल्यानंतर निदान पाच मिनिटे थांबावे, नाहीतर आपल्या बोटांची ऊबच गळती म्हणून नोंदली जाते.

पेडलमधील पहिल्या ट्रान्झिस्टरने बेस मोकळा असताना ०.४४ व्होल्ट दाखवले, आणि बेस जोडल्यावर १.२९. घाईत पाहणारा हा १२९ गेनचा ट्रान्झिस्टर म्हणेल. प्रत्यक्षात गेन ८५ होता, आणि २७ अंशांनाच गळती सुमारे १८० मायक्रोअँपिअर होती. दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा गेन ११५ आणि गळती त्याहून जास्त, २५० मायक्रोअँपिअरच्या घरात होती.

आता खरी गोम येथे आहे, म्हणून थोडा हिशेब करतो. पहिल्या ट्रान्झिस्टरला ३३ किलोओहममधून मिळणारा एकूण प्रवाह जेमतेम २५० मायक्रोअँपिअर असतो. त्यातले १८० गळतीनेच व्यापले, तर बेसच्या इशाऱ्यावर चालण्यासाठी ७० उरतात. परतीच्या १०० किलोओहममधून मग अगदी थोडा बेस-प्रवाह पुरतो, त्यामुळे दुसऱ्याच्या एमिटरवरील व्होल्टेज घसरते, त्याचा प्रवाह आटतो आणि त्याचा कलेक्टर ९ कडे सरकतो. जर्मेनियमची गळती ढोबळमानाने दर १० अंशांना दुप्पट होते. त्यामुळे ३२ अंशांच्या आसपास केवळ गळतीच २५० पर्यंत पोहोचते, आणि त्यापुढे परतीच्या रस्त्याला सावरण्यासारखे काही उरतच नाही. पहिला ट्रान्झिस्टर गळतीच्याच जोरावर पूर्ण उघडतो आणि दुसऱ्याला मिटवून टाकतो. सिलिकॉनमध्ये हा प्रश्न येत नाही, कारण इलेक्ट्रॉनला मोकळे होण्यासाठी सिलिकॉनमध्ये १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात आणि जर्मेनियममध्ये केवळ ०.६७. उष्णतेला जर्मेनियममध्ये फारसे काम करावे लागत नाही. लंडनच्या हवेत जन्मलेल्या सर्किटला भुसावळ-जळगावच्या पंचेचाळीस अंशांची कल्पना कोणी दिली असेल असे वाटत नाही.

पहिला उपाय आणि त्याचे अपयश

वादकाची अट स्पष्ट होती. जर्मेनियम काढायचे नाही. कोणीतरी त्याच्या मनात भरवले होते की सिलिकॉन म्हणजे डासाची गुणगुण. ही समजूत अगदी निराधार नाही, परंतु तिचे कारण बहुतेक वेळा सिलिकॉन हे द्रव्य नसते, तर त्या ट्रान्झिस्टरचा तीनशे-चारशेपर्यंत जाणारा गेन असतो. मी वाद घातला नाही आणि कमी गळतीचा एसी१२८ शोधायचे कबूल केले.

माझ्याकडे मोडीत निघालेल्या रेडिओंच्या आउटपुट भागातून काढलेले काही एसी१२८ होते, आणि काही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पूर्वी आणलेले होते. एकूण बारा निघाले. त्यांपैकी दोन बाहेरून एसी१२८ असले तरी आतून सिलिकॉनच होते. मल्टीमीटरच्या डायोडच्या खुणेवर बेस-एमिटरमध्ये ०.६ च्या पुढे आकडा आला की ते ओळखावे, जर्मेनियम ०.१५ ते ०.३ च्या दरम्यान राहतो. जुन्या मालाला मागणी वाढली की जुने नाव छापलेला नवा माल बाजारात येतोच, तेव्हा पुण्यातून आणा की मुंबईतून, हे मोजमाप चुकवू नये. उरलेल्या दहांपैकी बहुतेकांची गळती पेडलमधल्या ट्रान्झिस्टरइतकी किंवा त्याहून वाईट होती. एकच असा निघाला की त्याचा गेन ७० होता आणि २७ अंशांना गळती केवळ ४० मायक्रोअँपिअर.

तो पहिल्या जागी बसवला. ८.२ किलोओहमच्या जागी २० किलोओहमचा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा रेझिस्टर) टाकला आणि २७ अंशांना कलेक्टरवर ४.५ व्होल्ट येईपर्यंत तो फिरवला. ४७० ओहम धरून एकूण रेझिस्टन्स १०.७ किलोओहम झाला. ट्रान्झिस्टर थेट डाग देऊन न बसवता सॉकेटमध्ये खोचले, कारण जर्मेनियमला सोल्डरिंगची उष्णता सहन होत नाही, आणि मला पुन्हा ते काढावे लागतील अशी शंकाही होती. खोक्यातील बल्ब लावून पाहिले, तर १२ अंशांना ३.८, ४५ अंशांना ६.४ आणि ५० अंशांना ७.४ व्होल्ट आले. घरात, सभागृहात किंवा रात्रीच्या मांडवात हे पेडल वर्षभर चालले असते. वादकाने दुपारी दुकानातच वाजवून पाहिले आणि तो समाधानाने गेला.

आखाजीच्या दुपारी वरात निघाल्यावर तासाभरात त्याचा फोन आला. पेडल पुन्हा मुके झाले होते.

चूक माझी होती. मी हवेचे तापमान धरले होते, डबीचे नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतः त्यांच्या गाडीवर चढून पाहिले. सावलीतील हवा ४३ अंश होती, पण पत्र्याच्या फळीवर उन्हात ठेवलेल्या त्या गडद रंगाच्या धातूच्या डबीच्या आत ५७ अंश भरले. या तापमानाला ४० मायक्रोअँपिअरची गळती आठपट होते, म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास, आणि पहिल्या ट्रान्झिस्टरला मिळतात अडीचशे. कितीही निवडून घेतलेला जर्मेनियम ट्रान्झिस्टर त्या फळीवर टिकला असता असे मला वाटत नाही. डबीवर ओले फडके टाकण्याचा प्रयोग वादकाने आधीच करून पाहिला होता, आणि स्विचमध्ये पाणी गेल्याने तो अंगाशी आला होता. पांढरा रंग आणि फळीखाली लाकडी पट्टी यांनी सहा-सात अंश उतरले असते. तेवढ्याने काम भागत नव्हते.

गाडीवर चढल्याचा आणखी एक फायदा झाला. स्वर दररोज वेगळा येण्याचे एक कारण उष्णतेशी संबंधित नसल्याचे कळले. घाईत जोडणी करताना तो कधी गिटारनंतर आधी फझ लावी, तर कधी आधी डिले, म्हणजे प्रतिध्वनी देणारे पेडल. फझ फेसच्या प्रवेशाचा रेझिस्टन्स फार कमी असतो आणि तो गिटारच्या पिकअपला (तारांचे कंपन विजेत बदलणाऱ्या भागाला) थेट बिलगून काम करतो. मध्ये डिलेसारखे पेडल आले, की त्या पेडलचा आतील बफर (सिग्नल पुढे पोहोचवणारा टप्पा) पिकअपची जागा घेतो, स्वर कर्कश होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी करून फझ स्वच्छ करण्याची सोय जाते. फझ नेहमी गिटारच्या लगेच पुढे, हे त्याला डबीवर रंगाने लिहून दिले.

दुसरा उपाय

ट्रान्झिस्टर बदलण्याआधी मला एक गोष्ट पडताळून पाहायची होती. हिशेबाप्रमाणे गळतीचा सगळा त्रास पहिल्या जागेवर होतो. दुसऱ्याचा बेस पहिल्याच्या कलेक्टरला थेट जोडलेला असल्यामुळे त्याची गळती गेनने गुणली न जाता पहिल्याकडून निचरून जाते. हे खरे असेल, तर पहिल्या जागी सिलिकॉन आणि दुसऱ्या जागी कितीही गळका जर्मेनियम चालायला हवा. असे मिश्र पेडल इतरत्रही बनवले जाते. मला फक्त ते ५७ अंशांवर टिकते का, हे पाहायचे होते.

पहिल्या जागी बीसी५५७ए हा पीएनपी सिलिकॉन ट्रान्झिस्टर बसवला. याच मालिकेतील बी आणि सी हे प्रकार अधिक गेनचे असतात, म्हणून ते टाळले. दहा-पंधरा नगांतून १२० गेनचा एक निवडून घेतला. दुसऱ्या जागी मुद्दाम पेडलमधला मूळचा पहिला ट्रान्झिस्टर, १८० मायक्रोअँपिअर गळतीचा आणि सगळ्या तक्रारीचे मूळ ठरलेला तोच बदनाम एसी१२८, खोचला. सिलिकॉनचा बेस-एमिटर व्होल्टेज ०.६ असल्यामुळे दुसऱ्याच्या एमिटरवर आता ०.८ च्या आसपास व्होल्ट येतात आणि त्यातून पूर्वीपेक्षा बराच जास्त प्रवाह वाहतो. म्हणून कलेक्टरचा एकूण रेझिस्टन्स ५.५ किलोओहमपर्यंत उतरवावा लागला. मूळ ८.२ किलोओहम तसाच ठेवून नुसता ट्रान्झिस्टर बदलणाऱ्यांना जो चेपलेला, दबलेला आवाज मिळतो, त्याचे कारण हेच असते, आणि दोष मात्र सिलिकॉनला दिला जातो.

१२ अंशांना ४.३ व्होल्ट, २७ अंशांना ४.५, ५७ अंशांना ४.८. खोक्यातील बल्ब दोन तास चालू ठेवला तरी आकडा हलला नाही. जो ट्रान्झिस्टर पहिल्या जागी ३४ अंशांना पेडल मारत होता, तोच दुसऱ्या जागी ५७ अंशांना निवांत काम करत होता.

आवाजाचा प्रश्न मात्र आकड्यांनी सुटत नाही. वादकाला मी काय बदलले ते न सांगता पेडल दिले. पहिली पंधरा मिनिटे तो पूर्ण आवाजावर वाजवत राहिला आणि त्याची काहीच तक्रार नव्हती. कापणीचे काम मुख्यतः दुसरा ट्रान्झिस्टर करत असल्यामुळे फझचा पोत बऱ्याच अंशी तसाच राहिला होता. नंतर त्याने गिटारचा व्हॉल्यूम चारपर्यंत उतरवला आणि लगेच मान हलवली. स्वर पूर्वीपेक्षा उजळ होता, त्याच्या शब्दांत “कोरा”. त्याचा कान बरोबर होता. ७० गेनच्या जर्मेनियमपेक्षा १२० गेनच्या सिलिकॉनचा प्रवेश-रेझिस्टन्स जास्त असतो, तो पिकअपवर कमी भार टाकतो, आणि त्यामुळे वरचे स्वर कमी दबतात. मी पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेस आणि कलेक्टरमध्ये ४७ पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर जोडला. त्याने पूर्ण आवाजावरची बारीक खरखर गेली आणि उजळपणाही थोडा उतरला. १०० पिकोफॅरड लावून पाहिला, तेव्हा सनईच्या जागांमधली धारच बोथट झाली, म्हणून ४७ वर थांबलो. चारवरचा फरक पूर्ण मिटला नाही, आणि मिटला असे मी त्याला सांगितलेही नाही. सिलिकॉन बसवल्याचे मात्र तेव्हा सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्याने विचारले, “वरातीत व्हॉल्यूम चारवर कोण ठेवतो?”

वीजपुरवठ्याचे काम लहान होते, पण ते टाळून चालले नसते. धन टोक जमिनीला असलेले हे पेडल आणि ऋण टोक जमिनीला असलेले डिले एकाच ॲडॉप्टरच्या दोन फांद्यांवर लावले, की केबलच्या जाळीतून ॲडॉप्टरचे दोन्ही टोक एकमेकांना भिडतात आणि तो शॉर्ट होतो. त्याचा एक ॲडॉप्टर पूर्वी असाच जळाला होता. व्होल्टेज उलटे करणारी ७६६० ही आयसी डबीत बसवण्याचा विचार केला होता, पण तिच्या मूळ स्वरूपातील दोलन १० किलोहर्ट्झच्या आसपास असते आणि फझ ती बारीक शीळ आनंदाने मोठी करतो. शिवाय ती आयसी १० व्होल्टच्या वर सुरक्षित नाही, तर गाडीवरचा बिनारेग्युलेटेड ॲडॉप्टर मोकळा असताना १२ च्या वर जात होता. फझला स्वतंत्र बॅटरी दिली. हे पेडल एक मिलिअँपिअरच्या आसपास खात असल्यामुळे एक बॅटरी महिनोन्‌महिने पुरते.

प्रीसेट आत लपवावा की बाहेर नॉब काढावा, यावर बराच वेळ गेला. बाहेर नॉब असला की वादक प्रत्येक गाण्याला तो फिरवतो आणि मग स्वर रोज वेगळा येतो अशी तक्रार घेऊन परत येतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून प्रीसेट आतच ठेवला आणि ५.५ किलोओहमच्या जागेवर नखाला लावायच्या लाल रंगाचा ठिपका दिला. सॉकेटमधील दोन्ही ट्रान्झिस्टर गाडीच्या हादऱ्यांनी निसटू नयेत म्हणून त्यांवर सिलिकॉन सीलंटचा छोटा थेंब टाकला, आणि हे नाव ऐकून वादकाने पुन्हा एकदा भुवया उंचावल्या.

मे महिना संपेपर्यंत पेडल दुपारच्या वरातींत चालले. एकदाच ते बंद पडल्याचे कळले, तेव्हा इनपुटच्या जॅकमधली तार तुटलेली निघाली. डिसेंबरात तो पुन्हा आला. घरच्या घरी काही गाणी रेकॉर्ड करायची होती आणि चारवरचा जुना, दबका स्वर त्याला आठवत होता. तो ४० मायक्रोअँपिअर गळतीचा एसी१२८ मी कागदात गुंडाळून ठेवलाच होता. सीलंट खरवडून तो पहिल्या जागी खोचला, प्रीसेट १०.७ च्या बाजूला फिरवला आणि तेथे दुसरा, निळा ठिपका दिला. खोलीत १९ अंश होते आणि कलेक्टरवर ४.१ व्होल्ट. बीसी५५७ए डबीच्या झाकणाला आतून चिकटपट्टीने लावून दिला आहे, आणि होळीच्या आसपास तो परत बसवायला ये असे सांगितले आहे.